पेवात निवलेली भिंगं

१

उज्ज्वलानं गंधक वितळवायला घेतलं की सासू ताराबाई पदर नाकाला लावून लिंबाखाली जाऊन बसायची. "झाली सुरू हिची भट्टी," असं रोज न चुकता म्हणायची. "कारखाना तिकडं अन् वास हिकडं."

वास खरंच कारखान्याचा होता. उसाचा रस साफ करायला साखर कारखान्यात गंधक लागतं. तेच गंधक पोत्यानं आणून उज्ज्वला पत्र्याच्या शेडात वितळवायची, त्यात एक तेल घालून घोटायची आणि साच्यात ओतायची. साच्यातून निघायचं ते भिंग. काळपट तांबडं, डोळ्याला लावलं तर पलीकडचा हत्ती दिसू नये असं. पण उष्णतेच्या किरणांना ते आरपार. अंधार असो की उजेड, कशात किती ऊब आहे ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला असंच भिंग लागतं.

बाजारात अशी भिंगं मिळतात. ती जर्मेनियमची असतात, वजनाला जड आणि किमतीला त्याहून जड. नाकापेक्षा मोती जड, असा सगळा प्रकार. उज्ज्वला पुण्यात याच विषयात डॉक्टर झाली आणि लग्न मात्र तिनं आपल्या पसंतीनं लिंबागणेशच्या शिवारातल्या एका मेंढपाळाच्या घरात केलं. दोन वर्षांपूर्वी सासऱ्याच्या कळपात ताप शिरला आणि कळेकळेपर्यंत निम्म्या मेंढ्या गेल्या. तेव्हापासून तिनं मनात घेतलं होतं की भिंग हलकं आणि स्वस्त करायचं. मग असा कॅमेरा प्रत्येक कळपामागं जाईल आणि तापलेली मेंढी इतरांना ताप देण्याआधीच ओळखू येईल.

अडत होतं ते निवण्यापाशी. भिंग घाईनं निवलं की पोटात रेषा धरायचं, गढूळ व्हायचं. दोन दिवस एका चालीनं निवायला हवं. त्याला विजेची भट्टी लागते, आणि आपल्याकडच्या विजेबद्दल न बोललेलं बरं. शेवटी तोड काढली ती सासऱ्यानं, म्हाताऱ्या सिदूनं.

"पेवात ठिव की," तो म्हणाला. "तितं ऊन न्हाई, वारा न्हाई. माज्या आज्याची ज्वारी तितं चार चार सालं ऱ्हायची."

वस्तीमागं जुनं पेव होतं. जमिनीत खोदलेलं, माठाच्या घडणीचं. तोंड एका माणसापुरतं, पोट खोलीएवढं, दोन पुरुष खोल, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. ज्वारी ठेवणं बंद होऊन वर्षं झाली होती, पण आतला गारवा होता तसाच होता. उज्ज्वलानं गरम भिंगं डब्यात भुशात पुरून डबा खाली ठेवायला लावला. तिसऱ्या दिवशी निघालेली भिंगं बघून तिला हसावं की रडावं कळेना, इतकी ती नितळ होती.

पेवात उतरायचा तो लखन, तिचा नवरा. अंगानं दांडगा आणि तोंडाला कुलूप नसलेला. खाली गेला तरी त्याची बडबड वर ऐकू यायची.

२

त्या सोमवारी सिदू कळप घेऊन मांजरसुंब्याच्या माळाकडं गेला होता. शुक्रवारी पुण्याहून तिच्या संशोधन संस्थेची माणसं भिंगं बघायला येणार, म्हणून पेवातला डबा त्याच दिवशी काढायला हवा होता. पेव आदल्या दिवशी उघडून ठेवलं होतं. कंदील सोडून बघितला होता, ज्योत शांत होती. सगळं रीतीप्रमाणं झालं होतं, फक्त वर थांबणारा माणूस बदलला होता.

एरवी सिदू तोंडाशी उकिडवा बसायचा आणि घटकेघटकेला हाक मारायचा, "लखन!" खालून "ओ!" यायची. ओ आली नाही तर दोर ओढायचा. पेवातली हवा कधी जड होईल याचा नेम नसतो. उज्ज्वलाला ही रीत पटायची. विज्ञानानं दुसरं काय सांगितलं असतं?

पण त्या दिवशी ताराबाई पलीकडं लिंबाखाली ज्वारी निवडत बसली होती आणि सासूच्या देखत नवऱ्याचं नाव काही उज्ज्वलाच्या जिभेवर येईना. पुण्यात भेटायचे तेव्हा ती त्याला खुशाल लखन म्हणायची. इथं आल्यापासून 'अहो' झालं होतं. लखन त्यावरून तिला छळायचा, "डॉक्टरीनबाई, माजं नाव काय पुण्यातच इसरून आलाव?"

खाली त्याची एका लग्नातल्या जेवणाची गोष्ट रंगात आली होती. "भात सांडला, लोक उठले, अन् त्यो आचारी म्हनतो कसा..."

आणि तो थांबला.

उज्ज्वला वाट बघत राहिली. "अहो?" ओ आली नाही. "अहो, काय झालं?" ती वाकून ओरडली, "या वर! या बघू लवकर!"

दोर ताणला गेला आणि तो वर आला. केसात माती, शर्टावर माती, काखेत डबा. तिचा जीव भांड्यात पडला.

"घाबरवलंत की मला. मग आचारी काय म्हणाला?"

"कोन आचारी?" तो म्हणाला.

त्यानं डबा तिच्या हातात दिला, दगडी झाकण सरकवलं आणि मातीचा चिखल करून फटी लिंपून टाकल्या. उद्या तिथं नवा डबा ठेवायचा आहे, उघडंच राहू द्या, हे तिनं सांगेपर्यंत त्याचं काम उरकलंसुद्धा होतं. मग तो हातपाय न धुता उन्हात गोठ्याच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला.

३

भिंग तयार झालं तरी त्यावर लेप चढवावा लागतो. बिनलेपाचं भिंग येणारी बरीचशी उष्णता माघारी फेकतं आणि कधीकधी कॅमेऱ्याला त्यात स्वतःचंच तोंड दिसतं. श्रीमंत प्रयोगशाळेत याला मोठी यंत्रं असतात. उज्ज्वलाकडं शिलाई मशीनची मोटर होती. ती भिंग द्रावणात बुडवून मोटरीनं अगदी सावकाश वर ओढायची, मग केसाहून बारीक लेप सारखा बसायचा.

दुपारी तीनच्या सुमारास तिनं पहिलं भिंग कॅमेऱ्याला बसवलं आणि खिडकीतून बाहेर धरलं. चित्र इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं. कोंबड्या पांढऱ्याशुभ्र. सावलीतली ताराबाई उजळ, तिच्या नाकाचा शेंडा तेवढा काळसर. जात्याशेजारी शेळी, तिच्या पोटातली ऊबसुद्धा कळत होती. उज्ज्वला एकटीच हसली.

मग तिनं कॅमेरा गोठ्याकडं वळवला. भिंत दिसली, आणि भिंतीशी भिंतीच्याच रंगाचा माणूस. कड तेवढी पुसट दिसत होती, बाकी दगडमाती आणि तो यांत काही फरक नव्हता.

ती चपापली, पण डोकं जागेवर होतं. भर उन्हात भिंत तापून माणसाच्या अंगाएवढी होते. तेवढा वेळ माणूस भिंतीत हरवतो. हे तर ती पुण्यात विद्यार्थ्यांना शिकवायची. तिनं वहीत वेळ टिपून ठेवली आणि थोड्या वेळानं पुन्हा बघायचं ठरवलं.

४

साडेचारला तिनं एक गोणपाट भिजवून शेडातल्या खांबाला टांगलं.

"अहो, जरा इकडं या. याच्यापुढं उभे राहा."

तो आला आणि उभा राहिला. ओलं गोणपाट कॅमेऱ्यात काळं दिसत होतं. आता माणूस दिव्यासारखा उजळायला हवा. तो गोणपाटासारखाच काळा दिसला.

लेप बिघडला असेल. तिनं भिंग काढलं आणि संस्थेकडून मागून आणलेलं जर्मेनियमचं जड भिंग चढवलं. तिचा स्वतःचा हात पांढरा दिसला. तो काळाच राहिला. तिनं भिंगं पुन्हा बदलली, कॅमेरा बंद करून चालू केला. आपलं गणित चुकावं म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदाच देवाची आळवणी करत होती.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"हां."

"भूक लागली का?"

"न्हाई."

विचारलं की उत्तर मिळत होतं. पण वर आल्यापासून त्यानं आपणहून एक शब्द काढला नव्हता, हे तिला तेव्हा जाणवलं. लखन आणि चार तास गप्प! तिनं त्याचा हात धरला. हात गार नव्हता, गरमही नव्हता. रिकाम्या माठाला हात लावावा तसं काहीसं वाटलं.

शेडाच्या दाराशी एक कोकरू आलं. मेंढपाळाच्या घरातलं कोकरू, माणूस दिसला की बाजूला होणारं. ते सरळ त्याच्या पायाशी गेलं आणि गोठ्याच्या खांबाला घासावी तशी मान त्याच्या पोटरीला घासत राहिलं. त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. उज्ज्वलानं त्याचा हात सोडला.

५

सिदू पाचनंतर कळप घेऊन आला. तिनं त्याला वाटेतच गाठून सगळं सांगितलं. आपण शिकलेली बाई असं काय बोलतोय, याची लाज वाटत होती, तरी सांगितलं. म्हाताऱ्यानं कॅमेऱ्याचं काही विचारलं नाही. त्यानं एकच विचारलं.

"वर कोन व्हतं?"

"मी होते, मामा."

"नाव घिऊन हाक मारली?"

"आत्या तिथंच होत्या," ती म्हणाली. "मी 'या' म्हणाले. नुसतं 'या वर' म्हणाले."

सिदू मटकन खाली बसला. "नावानंच बोलवायचं असतंय, पोरी. पेवात मानूस असला की नावानंच."

"नाही बोलावलं तर काय होतं?"

"काय म्हायती. आमी कवाच तसं केलं न्हाई."

अंगणात तो उभाच होता. सिदूनं लांबूनच हाक दिली, "लखन!" त्याची मान वळली नाही. पुन्हा हाक दिली, "लखन, आरं ए लखन!" जणू शेजारच्या गावात कुणी कुणाला बोलावत होतं.

मग सिदू हळूच म्हणाला, "ये हिकडं."

तो वळला आणि चालत आला.

६

पेव दुपारपासून लिंपलेलं होतं. साडेपाच तास. खाली कुणी असलंच तर त्याला हवा किती पुरेल, याचा हिशोब उज्ज्वलाच्या मनात आपोआप सुरू झाला आणि तिनं तो पुरा होऊ दिला नाही. रीत म्हणते की पेव उघडून एक दिवस थांबावं. थांबायला वेळ कुठं होता? शेजाऱ्यांना बोलवावं, तर सांगायचं काय?

सिदूनं पहारेनं झाकण सरकवलं. तिनं कॅमेरा आत धरला. आधी सगळं काळं दिसलं. मग तळाशी, भिंतीला टेकून, एक उबदार गोळा. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाएवढा. मधोमध पांढरा, कडांना विझत चाललेला.

ताराबाई दहा पावलांवर उभी होती. उज्ज्वलानं कुणाचीही पर्वा केली नाही. घसा फोडून ती ओरडली, "लखन!" काहीच नाही. "लखन!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लखन! ओ दे रे!"

खालून श्वासासारखी बारीक ओ आली. पडद्यावर एक हात वर झाला.

तिनं मान वळवली. दोराचं वेटोळं हातात घेऊन तो तिच्या अगदी पाठीशी उभा होता. सिदूनं त्याला दोर आणायला सांगितलं होतं आणि त्यानं तो आणला होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

सिदूनं धान्य वाऱ्यावर द्यायचा विजेचा पंखा ओढत आणला आणि पेवाच्या तोंडाशी लावला. नशिबानं वीज होती. कंदील सोडला, ज्योत बारीक झाली पण विझली नाही. म्हाताऱ्याला उतरणं शक्य नव्हतं. उज्ज्वलानं कॅमेरा लिंबाच्या फांदीला अडकवला, पदर खोचला आणि दोर कमरेला बांधला.

"वढायला दोघं लागतेल," सिदू खालच्या आवाजात म्हणाला. "याला धराया लावतो. सांगितलेलं करतोय त्यो."

"लावा," ती म्हणाली. दुसरा मार्गच नव्हता.

७

खाली मातीचा आणि जुन्या ज्वारीचा कुबट वास होता. चाचपडत तिचा हात माणसाच्या खांद्याला लागला. खांदा गरम होता, घामानं भिजलेला, तिच्या ओळखीचा. तिनं त्याला मिठी मारली. त्याला बोलता येत नव्हतं, तोंड नुसतं उघडमीट होत होतं. पण त्यानं तिचं मनगट असं काही धरलं की सोडवून घ्यायला तिला जोर लावावा लागला. तिनं आपल्या कमरेचा दोर सोडून त्याच्या काखेतून बांधला आणि वर हाक दिली.

तो वर गेला. पेवाच्या तोंडातला उजेड क्षणभर बुजला, पुन्हा मोकळा झाला.

मग पंखा थांबला. वीज गेली असावी. वरून काही ऐकू येईना. तिनं मामा म्हणून हाक मारली, आत्या म्हणून मारली. आपल्याच श्वासाचा आवाज भिंतींना लागून परत येत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी सिदूचा आवाज आला, "उज्ज्वला! ए उज्ज्वला!" आणि दोर खाली पडला.

सिदू आणि ताराबाईनं तिला वर ओढलं तेव्हा पेवाच्या तोंडाशी एक जण पालथा पडला होता आणि एक जण झाडाला धरून उभा होता. दोघांचे केस मातीनं भरलेले. शर्ट सारखेच, खांद्यावरची शिवण उसवलेली तीही सारखीच. सिदूच्या पायाशी पाण्याची कळशी होती. ती आणायलाच तो दोघांना सोडून आडाकडं पळाला होता आणि ताराबाई खाट आणायला घरात गेली होती.

"लखन," सिदूनं दबकत हाक मारली.

"ओ," पालथ्या पडलेल्यानं मान उचलून म्हटलं.

ताराबाईनं हंबरडा फोडून त्याला छातीशी धरलं. उभा होता तो काहीच बोलला नाही. तो उज्ज्वलाकडं बघत होता, तोंड उघडत होता आणि मिटत होता. तिला त्याच्याकडं बघवेना. नवऱ्याचंच तोंड ते, त्याच्याकडं बघून कठोर कसं व्हायचं?

"बोलावलं तूच," सिदू तिला म्हणाला. "जा बी तूच म्हन."

तिनं जमिनीकडं बघत म्हटलं, "जा. खाली जा."

तो हलला नाही. सिदूनं पहार आडवी धरून त्याला ढकललं, तशी त्यानं हात पुढं केला, उज्ज्वलाकडं. ती मागं सरकली. मग त्यानं डोळे मिटले आणि तो उतरला. दोन पुरुष खोल, तळाशी पडल्याचा आवाज आला. सिदूनं पहारेनं झाकण रेटलं आणि भराभरा चिखल कालवायला घेतला.

८

लखनला तिथंच लिंबाखाली खाटेवर निजवलं होतं. ताराबाई उशाशी बसली होती. त्याच्या अंगात ऊब किती परतली ते बघावं म्हणून उज्ज्वलानं फांदीवरचा कॅमेरा काढला आणि डोळ्यासमोर धरला. खाटेकडं वळवताना तो आधी पेवावरून गेला.

तोंडाच्या कडेच्या दगडावर पंजा उमटलेला होता. पांढराशुभ्र पंजा, पाची बोटं फाकलेली, कुणीतरी जीव मुठीत धरून दगडाला धरावं तशी.

सिदूचा असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण सिदूच्या दोन्ही हातांत पहार होती. आणि गार हाताचा ठसा असा पांढरा उमटत नाही. हे तिनं शंभरदा करून बघितलं होतं. उबदार माणसानं हात टेकवला तरच उमटतो आणि थोड्या वेळात विरून जातो.

बोटांची टोकं विरायला लागली होती.

नाव ऐकून ओ देणारा खाटेवर होता. पण ते नाव तिनंच तर तीनदा घेतलं होतं, घसा फोडून, दोर धरून उभ्या असलेल्याच्या कानाशी.

"काय दिसतंय गं?" चिखलाचे हात तसेच धरून सिदूनं विचारलं.

"मामा, पहार घ्या," ती म्हणाली. "झाकण काढा."

"ऱ्हाऊ दे की आता," खाटेवरून लखनचा आवाज आला.

तिनं कॅमेरा खाटेकडं फिरवला. पडद्यावर ताराबाई दिसली, मायेनं वाकलेली, लख्ख उजळ. हातातला तांब्या तिरपा करून ती रिकाम्या खाटेला पाणी पाजत होती.